क्रोम सारखं बंद पडतंय? आधी नक्की मरतंय कोण ते बघा

प्रश्न विक्रोळीच्या एका ताईंचा आहे. त्या घरून तीन-चार दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स सांभाळतात. लॅपटॉप सहा वर्षांचा, विंडोज 10. जूनपासून क्रोम दिवसातून पाच-सहा वेळा काही न सांगता बंद पडतं आणि रिटर्न भरताना अर्ध्यावर पडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. क्रोम दोनदा काढून पुन्हा टाकून झालं, कॅशे साफ करून झाली, अँटिव्हायरस बदलून झाला. एका दुकानात सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल. दुसऱ्याने मदरबोर्डवर बोट ठेवलं. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘रॅमचा प्रश्न नसावा, मे महिन्यातच 4 जीबीची 8 करून घेतली आहे. मधे एकदा एक्सेलही असंच बंद पडलं होतं, पण ते एकदाच.’

ताई, परळला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची दोन वाक्यं तुम्ही जाता जाता शेवटी लिहिली आहेत. त्यांच्याकडे येतोच. पण थेट तिकडे उडी मारली तर त्या दोन दुकानदारांत आणि माझ्यात फरक काय राहिला? मशीन मीही पाहिलेलं नाही. म्हणून काय तपासायचं आणि ते का, हे सांगतो. उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

‘बंद पडतं’ म्हणजे काय होतं, हे आधी ठरवूया. दुकानात येणारी दहातली आठ माणसं हाच शब्द वापरतात आणि त्यामागे चार वेगवेगळे प्रकार असतात. पहिला, एकच टॅब राखाडी होतो, त्यावर तोंड पाडलेलं चित्र येतं आणि बाकीचे टॅब चालू असतात. दुसरा, क्रोमची अख्खी खिडकीच गायब होते, खाली डेस्कटॉप दिसतो, आणि पुन्हा उघडलं की ‘पेजेस रिस्टोअर करू का’ असं विचारतं. तिसरा, स्क्रीन क्षणभर काळी होते, लुकलुकते, मग परत येते. आणि चौथा, लॅपटॉपच बंद होतो किंवा निळी स्क्रीन येते.

हे चार वेगवेगळे आजार आहेत. क्रोम 2008 च्या सप्टेंबरात आलं तेव्हा त्याची रचना चाळीसारखी होती, आजही आहे. प्रत्येक टॅबला शक्यतो वेगळी खोली, म्हणजे वेगळी प्रोसेस. एका खोलीचं छत कोसळलं तरी शेजारचे जेवत बसलेले असतात. त्याआधीच्या ब्राउझरांत एक पान बिघडलं की सगळं घेऊन बुडायचं. 2018 मध्ये तर एकाच पानात दुसऱ्या साइटचा तुकडा असेल तर त्यालाही वेगळी खोली द्यायला सुरुवात झाली. सुरक्षेसाठी ते गरजेचं होतं, पण त्याने मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागेल हे गूगलनेच तेव्हा सांगून टाकलं होतं. या सगळ्या खोल्यांना जोडणारा एक जिना असतो, ती मुख्य प्रोसेस. जिना कोसळला की सगळी चाळ रस्त्यावर. तुमचं वर्णन वाचून मला जिना कोसळतोय असं वाटतं, म्हणजे दुसरा प्रकार. टॅब मरत असता तर पहिला संशय त्या पानावर किंवा एक्स्टेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरवर, घेतला असता. स्क्रीन लुकलुकत असती तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. लॅपटॉपच बंद होत असता तर आधी पंख्याची जाळी उघडून आतली धूळ काढली असती, ब्राउझरकडे बघितलंही नसतं.

म्हणून आजपासून एक कागद जवळ ठेवा. बंद पडलं की वेळ लिहा, चारपैकी कोणता प्रकार ते लिहा आणि त्या वेळी दुसरं काय उघडं होतं तेही. दोन दिवस पुरेत. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या जॉबचं निदान अशा कागदावरच होतं.

आता दोनदा काढून टाकलेल्या क्रोमबद्दल. त्याने फरक पडला नाही याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं, मला नाही. क्रोम अनइन्स्टॉल करताना एक छोटी चौकट विचारते, ‘ब्राउझिंग डेटाही काढू का?’ तिथे खूण केली नाही तर तुमचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन आणि सेटिंग यांचं फोल्डर, जिथल्या तिथे राहतं. नवं क्रोम येतं आणि त्याच फोल्डरला चिकटतं. भाडेकरू तोच, फक्त दाराला नवा रंग. आणि खूण केली असती तरी तुम्ही जीमेलने साइन इन केलंत की सिंक, म्हणजे खात्यात साठवलेलं सगळं मशीनवर आणून ठेवणारी सोय, सुरू होऊन जुनी एक्स्टेन्शन एकेक करून परत येऊन बसतात. गेल्या वर्षी एका मुलाचा लॅपटॉप तीनदा आला तो याच कारणाने. पीडीएफ जोडून देणारं कुठलंसं फुकट एक्स्टेन्शन होतं. आम्ही काढायचो, तो घरी जाऊन साइन इन करायचा आणि आठवड्याने पुन्हा दारात. तिसऱ्यांदा त्याला माझ्यासमोर साइन इन करायला लावलं तेव्हा ते एक्स्टेन्शन परत येताना डोळ्यांनी दिसलं.

सिंकचं एक जुनं उदाहरण सांगण्यासारखं आहे. 10 डिसेंबर 2012 ला जगभर अनेकांची क्रोम एकाच वेळी धडाधड बंद पडली होती. कारण कुणाच्याही घरात नव्हतं. गूगलच्या सिंक सर्व्हरकडे गडबड झाली होती आणि त्याचा धक्का थेट लोकांच्या ब्राउझरला बसला. तेव्हा ‘सगळ्यांचंच आज अचानक बंद पडतंय का?’ हा प्रश्नही विचारून बघावा. तुमचं दोन महिने चाललंय, म्हणजे तो प्रकार नाही.

त्यामुळे तिसऱ्यांदा क्रोम काढून टाकू नका. त्याऐवजी वर उजवीकडच्या तुमच्या गोल चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल बनवा आणि त्यात साइन इन न करता एक दिवस काम करा. जीएसटी पोर्टलला क्रोमचं साइन इन लागत नाही, तुमचा युजरनेम-पासवर्ड पुरतो. नवं प्रोफाइल म्हणजे कोरं फोल्डर, एकही एक्स्टेन्शन नाही. पुष्कळ जण यासाठी इन्कॉग्निटो सुचवतात. तिथे एक्स्टेन्शन बंद असतात हे खरं, पण आपण कधीतरी एखाद्याला इन्कॉग्निटोतही परवानगी दिलेली असते आणि ते लक्षात राहत नाही. कोरं प्रोफाइल जास्त खात्रीचं. तिथे दिवसभर पडलं नाही, तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत बसू नका, निम्मी बंद करा. त्रास थांबला तर चोर त्या निम्म्यांत, नाही थांबला तर उरलेल्यांत. सोळा एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत नाव कळतं. खरं सांगायचं तर सोळा एक्स्टेन्शन असूच नयेत.

आणि कोऱ्या प्रोफाइलमध्येही पडलं तर? इथे बहुतेक जण एक चूक करतात. ‘क्रोम खराब आहे’ म्हणून एजवर जातात, तेही बंद पडलं की गोंधळतात आणि चाललं तर क्रोमला शिव्या घालतात. 2020 च्या जानेवारीपासून एज हे क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर उभं आहे. ऑपेरा, ब्रेव्ह, तीच गोष्ट. वडापावची गाडी बदलली, पण पाव त्याच बेकरीचा. खरी तुलना करायची तर फायरफॉक्स घ्या, त्याचं इंजिन संपूर्ण वेगळं आहे. दोन दिवस रिटर्न्सचं काम फायरफॉक्समध्ये करून बघा. तेही न सांगता गायब झालं, तर ब्राउझरचा खटला तिथेच संपला. दोन वेगळ्या कंपन्यांनी वेगळं लिहिलेलं सॉफ्टवेअर एकाच टेबलावर, एकाच तऱ्हेने मरत असेल तर टेबल बघायचं.

टेबल बघायला विंडोजमध्येच एक छान जागा आहे, मात्र ती फार थोड्यांना माहीत असते. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ वर येईल. उघडलं की दिवसवार तक्ता दिसतो. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल गोळ्यात फुली असते. त्या दिवसावर क्लिक करा, खाली नावं येतात, नावावर दोनदा क्लिक केलं की तपशील. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ अशी ओळ शोधा. म्हणजे कोसळताना नेमका कुठला तुकडा चालू होता.

ती ओळ वाचायची कशी, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. एका नावावर अडकू नका, पाच-सहा दिवसांची नावं शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी तेच मॉड्यूल आलं तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा आणि पुष्कळदा त्या नावातच पत्ता असतो. आय-जी-डी अक्षरांनी सुरू होणारं नाव इंटेलच्या ग्राफिक्सचं, एन-व्ही ने सुरू होणारं एन्व्हिडियाचं. अशा वेळी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकायचा आणि तोवर क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टीमखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण बंद ठेवायचं. अँटिव्हायरसच्या नावाचं मॉड्यूल दिसलं तर तो अँटिव्हायरस ब्राउझरच्या पोटात हात घालतोय. तुम्ही अँटिव्हायरस बदललात असं लिहिलंय. जुना पूर्ण निघालाय ना, हे एकदा बघा. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस म्हणजे एका दारावर दोन वॉचमन, आणि दोघं एकमेकांनाच अडवतात.

पण नावं रोज वेगळी असतील, आज क्रोमचा एक तुकडा, उद्या दुसरा, परवा एक्सेल, तेरवा विंडोजचंच काहीतरी, तर माझा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. इतक्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच महिन्यात बग निघत नाहीत. ते सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत ती हलते आहे, म्हणजे मेमरी, नाहीतर डिस्क, क्वचित प्रोसेसर.

एक खबरदारी. क्रोम आपल्या क्रॅशची नोंद स्वतः ठेवतं, त्यामुळे दर वेळी तो विंडोजच्या तक्त्यात दिसेलच असं नाही. तक्त्यात क्रोम नाही म्हणून क्रोम निर्दोष, असा अर्थ काढू नका. क्रोमच्या नोंदी बघायला पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘क्रोम’, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘क्रॅशेस’ असं लिहा. किती वाजता पडलं ते तिथे मिळेल, तुमच्या कागदाशी ताडून बघता येईल. एक्सेल मात्र विंडोजच्या तक्त्यात बहुधा सापडेल आणि मला त्यातच रस आहे. ‘एकदाच झालं’ म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवलंत. ब्राउझर बंद पडतोय या तक्रारीत एक्सेलचा उल्लेख आला की माझे कान टवकारतात.

मेमरी भरून ब्राउझर पडणं आणि मेमरी खराब असल्याने पडणं, या दोन गोष्टी वेगळ्या. पहिली तपासणं सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. तिथे ‘कमिटेड’ म्हणून दोन आकडे असतात, समजा 7.1/12.4. दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) मिळून विंडोज जास्तीत जास्त देऊ शकेल ती मेमरी. पहिला आकडा दुसऱ्याला टेकला की जो पुढचा मागायला जाईल तो मरेल, आणि मागण्यात क्रोमचा नंबर नेहमी पहिला. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर पेजफाइल वाढायला जागाच उरत नाही आणि 8 जीबी असूनही हे होतं. सी वर निदान पंधरा-वीस जीबी मोकळे ठेवा. क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब किती खातोय ते त्यात दिसतं. महिनाभर उघडा ठेवलेला एखादा टॅब बघून हबकायला होतं. तुमच्याकडे पहिला आकडा दुसऱ्यापासून लांब राहत असेल आणि तरी क्रोम पडत असेल, तर मेमरी कमी पडत नाहीये. मग ती खराब आहे का, एवढंच उरतं.

आता त्या मे महिन्याकडे येतो. रॅम मे मध्ये वाढवली, त्रास जूनमध्ये सुरू झाला. तुम्ही म्हणता रॅम वाढवली म्हणून रॅमचा प्रश्न नाही. मी नेमकं उलटं म्हणेन: रॅम वाढवली म्हणूनच पहिला संशय रॅमवर. रॅमची नवी काडी खराब असू शकते, नीट बसलेली नसू शकते, किंवा ती बसवताना जुनी काडी हलली असेल. त्यात जून म्हणजे मुंबईत पाऊस. हवेत पाणी असतं, खाडीजवळ आणि समुद्राजवळ खारही असतो आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ चढायला वेळ लागत नाही.

ब्राउझरलाच आधी का लागतं, त्याचंही कारण आहे. खराब काडीत सगळ्याच जागा खराब नसतात, कुठेतरी दोन-चार जागांत लिहिलेलं वाचताना बदलतं. टायपिंगचं सॉफ्टवेअर मेमरीच्या एका कोपऱ्यात बसून असतं, त्याचा पाय त्या जागेवर पडेलच असं नाही. क्रोम मात्र सगळीकडे पसरतं, सतत घेतं, सतत सोडतं. फुटकी फरशी कुठेही असो, दिवसातून पाच-सहा वेळा त्याचा पाय तिच्यावर पडणारच.

वरळी कोळीवाड्यातून मागच्या ऑगस्टमध्ये एक लॅपटॉप आला होता, अगदी तुमच्यासारखीच तक्रार. त्या काकांचं टेबल खिडकीला लागून, बाहेर समुद्र. फॉरमॅट दोन वेळा मारून झाला होता. मी मागचं झाकण काढलं, काडीच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या, काडी टक् करून तिरकी वर आली. ट्यूबलाइटखाली धरली तर एका टोकाच्या सात-आठ पट्ट्या सोनेरी नव्हत्या, तांबूस-काळपट झाल्या होत्या. आमच्या धंद्यात यावर पांढरा खोडरबर मारतात. हे काम हलक्या हाताने, एकाच दिशेने आणि स्लॉटपासून, म्हणजे काडी बसते त्या खाचेपासून, लांब, कारण रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर एक आजार जाऊन दुसरा येतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पाच मिनिटं वाळवून काडी परत बसवली. रात्री टेस्ट लावली, सकाळी एकही चूक नाही. पावसाळा संपेपर्यंत टेबल खिडकीपासून सरकवा, एवढंच काकांना सांगितलं.

खोडरबराने प्रत्येक काडी जिवंत होते असं मात्र समजू नका. पट्ट्यांवर मळ असेल तर होते, आतली चिपच गेली असेल तर कितीही घासा.

घरी तपासायचं कसं? स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ टाइप करा, लॅपटॉप रीस्टार्ट होऊन निळ्या स्क्रीनवर तपासणी सुरू होते. सुरू झाल्यावर एफ1 दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा, नाहीतर ती वरवर बघून सोडून देते. तिने चूक दाखवली तर प्रश्न मिटला, काडी खराब किंवा ढिली. तिने ‘काही नाही’ म्हटलं तर मात्र मी विश्वास ठेवत नाही. तेव्हा पेनड्राइव्हवर मेमटेस्ट86 टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, तेवढ्या पुरतात. चार्जर लावून, पंख्याला हवा मिळेल अशा सपाट टेबलावर ठेवा, गादीवर नको. पहिल्या फेरीत गप्प राहून, मशीन तापल्यावर तिसऱ्या फेरीत चूक दाखवणाऱ्या काड्या मी पाहिल्या आहेत. आणि इथे ‘थोड्याच चुका’ असा प्रकार नसतो. एक चूक निघाली तरी काडी नापास.

स्क्रू उघडायची हिंमत असेल, किंवा घरात कुणी करणारं असेल, तर त्याहून सोपी एक रीत आहे. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर ती काढलेली, नसेल तर आतला तिचा कनेक्टर सोडवलेला. लोखंडी खिडकीच्या गजाला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक जाईल. पावसाळ्यात मुंबईत स्टॅटिकचा त्रास तसा कमीच, पण सवय चांगली. मग मे मधली नवी काडी काढून ठेवा आणि जुन्या 4 जीबीवर दोन दिवस काम करा. हळू चालेल, चालू द्या. टॅब मोजके ठेवा, म्हणजे मेमरी भरून पडण्याची भेसळ होणार नाही. पडणं थांबलं तर आता नवी काडी जुनीच्या जागी, एकटी, त्याच स्लॉटमध्ये लावून बघा. तिथे पडलं तर काडी खराब. तिथेही चाललं तर दुसरा स्लॉट संशयित, आणि मदरबोर्ड म्हणणाऱ्या दुकानदाराचं अर्धं तरी खरं ठरेल. हे सगळं दोन स्लॉट असतील तरच. काही लॅपटॉपमध्ये पहिली 4 जीबी बोर्डावरच डाग देऊन पक्की बसवलेली असते. तसं असेल तर नवी काडी काढून बघणं एवढंच तुमच्या हातात.

एक कळकळीची सूचना. हे सगळं होईपर्यंत हिशेबाच्या फायलींचा बॅकअप नव्या पेनड्राइव्हवर घ्या, पण जुन्या बॅकअपवर नवा चढवू नका. मेमरी खराब असेल तर फाइल सेव्ह होतानाच आत एखादा आकडा बदलू शकतो, आणि ते ब्राउझर पडण्यासारखं लगेच दिसत नाही. मे च्या आधीचा बॅकअप असेल तर तो देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपा. क्रोममधले पासवर्डही सेटिंगमधून एक्स्पोर्ट करून ठेवा. मात्र ती फाइल साधी मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतं, काम झालं की पुसून टाका.

फॉरमॅटचं म्हणाल तर याच कारणाने आत्ता मारू नका. खराब रॅमवर विंडोज नव्याने टाकलं तर ते टाकतानाच बिघडतं आणि महिन्याभरात तुम्ही तिथेच परत येता, वर प्रोफाइल आणि सेटिंग गेलेली. फॉरमॅट हा इलाज असू शकतो, पण रॅम आणि डिस्क दोन्ही पास झाल्यावर. डिस्कसाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सीएचकेडीएसके (इंग्रजीत chkdsk) ही डिस्क तपासायची कमांड चालवा. एसएसडी नसून जुनी हार्डडिस्क असेल आणि फाइल उघडताना कटकट आवाज येत असेल, तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर.

काही गोष्टींवर वेळ घालवू नका. नेट हळू असल्याने ब्राउझर बंद पडत नाही, पान उघडायला वेळ लागतो एवढंच. कॅशे साफ केल्याने एखादी साइट नीट दिसायला लागते, गायब होणारी खिडकी सहसा थांबत नाही. ‘पीसी फास्ट करून देतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर तर घेऊच नका, निम्मे जॉब त्यांनीच आम्हाला दिलेत. विंडोज 7 असतं तर वेगळी गोष्ट होती, तिथे क्रोम 109 वरच थांबलंय, 2023 च्या सुरुवातीपासून. तुमच्या विंडोज 10 वर ती अडचण नाही. मायक्रोसॉफ्टचा विंडोज 10 ला असलेला नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याचा विचार पुढे करावाच लागेल, पण तुमचं क्रोम पडतंय ते त्यामुळे नाही.

तर क्रम असा ठेवा: दोन दिवस कागद, मग कोरं प्रोफाइल, त्यातही पडलं तर फायरफॉक्स, रिलायबिलिटीच्या तक्त्यात एक्सेलचा दिवस, कमिटेडचे आकडे, मग मेमटेस्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि त्रास थांबला तर कशाने थांबला ते कळत नाही. पहिल्या पायऱ्यांवर एक्स्टेन्शन किंवा ड्रायव्हर सापडला तर रॅमवरचा माझा संशय खोटा, आणि मला आनंदच होईल, कारण ते फुकटात सुटतं.

रॅमच निघाली तर ज्या दुकानातून मे मध्ये घेतली तिथे आधी बिल घेऊन जा. रॅमवर बहुतेक कंपन्यांची काही वर्षांची वॉरंटी असते, ते बदलून देतील. बिल नसेल आणि नवीच घ्यावी लागली, तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाताना जुनी काडी सोबत न्या, अँटिस्टॅटिक पाकिटात, नाहीतर निदान कागदात गुंडाळून. ‘लॅपटॉपची 4 जीबी’ एवढं सांगून भागत नाही. रॅमचे प्रकार असतात: डीडीआर3 आणि डीडीआर4 एकमेकांच्या जागी चालत नाहीत, डीडीआर3एल लागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर3 चालेलच असं नाही, आणि काडीवरच्या स्टिकरवर सगळं लिहिलेलं असतं. भाव आठवड्याला बदलतात म्हणून आकडा सांगत नाही, तीन दुकानांत विचारा. विकत घेण्याआधी दुकानदाराला ती तुमच्याच लॅपटॉपमध्ये लावून निदान एक फेरी टेस्ट चालवायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, समोरून चहा मागवतो आणि टेस्ट लावून ठेवतो.

मेमटेस्ट शनिवारी रात्री लावा, म्हणजे रविवारी सकाळी कामाची घाई नसेल. स्क्रीनवर ‘फेल’ दिसलं तर लगेच बंद करू नका, आधी मोबाइलने फोटो काढा. वॉरंटीच्या काउंटरवर तोच दाखवायचा आहे.